तीन टाके

डार्लाने तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो गिळायला मला अर्धा ग्लास पाणी लागलं, आणि तिला वाटलं, काका म्हातारे झाले.

तिची आई नोर्मा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पलंगाखाली बुटांचं खोकं सापडलं, त्यात विम्याचे कागद, केसांच्या पिना आणि हा एक फोटो. चौकोनी, पांढऱ्या काठाचा, रंग उडून नारिंगी पडलेला. फोटोत डार्लाचा बाप वेंडल हॅस्केट एका टायरवर बसून सँडविच खातोय. त्याच्यामागे त्याची रेसची गाडी, मागचा भाग जॅकवर उचललेला, डावं चाक काढलेलं, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. मागच्या बाजूला नोर्माच्या अक्षरात लिहिलंय: 'दुपारी साडेतीन. वेंडल आणि व्हर्जचे पाय.'

व्हर्ज म्हणजे मी. व्हर्जिल स्टॅम्पर, वय सदुसष्ट, धंदा पत्रा ठोकण्याचा आणि वेल्डिंगचा. हा फोटो काढला त्यानंतर पंचवीस मिनिटांनी वेंडल मेला.

"काका, मला ही गाडी पुन्हा बनवायची आहे," डार्ला म्हणाली. ती शाळेची बस चालवते, अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, आणि बापासारखीच एकदा ठरवलं की कुणाचं ऐकत नाही. "अगदी बाबांची होती तशी. टेरे होटजवळ एका शेतकऱ्याच्या कोठारात त्याच सालची साधी दोन दारांची मिळतेय. तुम्ही कराल ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण नाही म्हणण्याचं कारण काय देणार? ब्लफ क्रीकच्या पंचक्रोशीत त्या गाडीला हात लावलेला जिवंत माणूस मी एकटाच. एक्केचाळीस वर्षं दर रविवारी हॅस्केटांच्या घरी जेवलेला माणूसही मीच. मी हो म्हणालो, आणि उरलेला सँडविच कुत्र्याला टाकला.

ती गेल्यावर मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. डाव्या चाकाच्या जागी, आसापाशी, एका जाड लोखंडी दांडीचं टोक दिसत होतं. सुटताना मागच्या चाकांचा सगळा जोर ती दांडी गाडीच्या सांगाड्यावर टेकवते. दांडी एका ब्रॅकेटला बसते, आणि ब्रॅकेट आसाला वेल्डिंगने जोडलेलं असतं. त्या ब्रॅकेटच्या कडेला तीन चकचकीत ठिपके होते. बारीक होते, पण होते.

ते तीन ठिपके माझे. अडुसष्ट सालच्या सप्टेंबरातल्या लांब सुट्टीचा रविवार होता, ब्लफ क्रीकच्या धावपट्टीवर. सकाळच्या फेरीत ब्रॅकेटचं जुनं वेल्डिंग तडकलं होतं. मी ते घासून काढलं, शेजारच्या रेसवाल्यांचं वेल्डिंगचं मशीन मागून आणलं, बाहेरच्या बाजूने तीन टाके मारले. टाके म्हणजे कपड्याला कच्चा दोरा घालतात तसलं काम, वस्तू जागेवर राहावी एवढ्यापुरतं. मग चारी बाजूंनी भरून घ्यायचं. तेवढ्यात भोंग्यावरून वेंडलचा नंबर पुकारला, आणि शेजाऱ्यांनी मशीन परत मागितलं. आम्ही चाक चढवलं, वेंडल आत बसला, पट्टे बांधले. सुरुवातीच्या रेषेवर त्याने खिडकीतून विचारलं, "व्हर्ज, झालं का?"

मी म्हणालो, "झालं."

आणि छपरावर दोन थापा मारल्या. आमच्याकडे ती पद्धतच आहे. इंजिनाच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये ड्रायव्हरला शब्द ऐकू येत नाही, म्हणून गाडीची जबाबदारी ज्याच्यावर असते तो शेवटी खाली वाकून पाहतो आणि छपरावर दोनदा हात मारतो. म्हणजे सगळं ठीक, जा. मला वाटलं होतं, पाव मैलाची सरळ धाव, अकरा सेकंदांचा तर प्रश्न आहे, तेवढे टिकतील. टाके आठ सेकंद टिकले. दांडी सुटून जमिनीत रुतली, गाडी आडवी झाली आणि उलटत गेली. टायर फाटून पडलेला सगळ्यांनी पाहिला, म्हणून टायर फुटला असं ठरलं. मीही तसंच म्हणालो. पुढे भंगारवाल्याने गाडी कापली तेव्हा मी तिथे उभा होतो, आणि तो आसाचा तुकडा वितळायला गेलेला पाहूनच घरी आलो.

एवढं सगळं झाल्यावर मला भीती कशाची असायला हवी होती? मेलेला मेला, भंगार वितळलं, नोर्माही गेली. पण त्या फोटोने माझं धाबं दणाणलं. लोखंड गेलं होतं, पण त्याची साक्ष एका बुटांच्या खोक्यात पडून राहिली होती.

गाडीचं काम मार्चमध्ये सुरू झालं. कंपनीने त्या साली थोड्याच गाड्या फक्त रेससाठी काढल्या होत्या. दुकानात दिसायची तीच गाडी, पण हाड आणि कातडं ठेवून बाकी सगळं काढलेली. मागची सीट नाही, हीटर नाही, रेडिओ नाही. काचा पातळ, आणि त्या वर ओढायला नुसता पट्टा. दारं ऍसिडमध्ये बुडवून पत्रा अर्ध्यावर आणलेला. मीही मन्सी गावच्या एका मुलामा देणाऱ्याच्या ऍसिडच्या हौदात दारं बुडवली. बाहेर काढल्यावर अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत जात होता. वेंडल तेव्हा म्हणायचा, या गाडीत बसायचं तर टोकदार कोपर घरी ठेवून यावं.

दारावर नावही मीच रंगवलं. तेव्हाही मीच रंगवलं होतं. वेंडलने बायकोला न विचारता गाडी घेतली होती, म्हणून लाल अक्षरांत: 'नोर्माला सांगू नका'. नोर्मा ते वाचून तीन दिवस बोलली नव्हती, आणि चौथ्या दिवशी तिनेच सगळ्यांना ऍपल पाय करून खाऊ घातला होता. यावेळी अक्षरं काढताना 'नका' मला दोनदा पुसावं लागलं.

आता हॉलिस टर्पिनबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून हे घडलंच नसतं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला, खिशात दातांच्या डॉक्टरचा आरसा. कंपनीच्या त्या गाड्यांबद्दल त्याला जेवढं माहीत आहे तेवढं कंपनीलाही नसेल. दर सप्टेंबरात ब्लफ क्रीकला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे नकली गाडीलाही धावता येतं, पण जुन्या गाडीचं नाव दारावर ठेवून धावायचं तर हॉलिसची सही लागते. गाडी मुळाबरहुकूम हवी. आणि मुळाबरहुकूम म्हणजे कारखान्यातल्या चुकांसकट. रंगाचा ओघळ होता, तर ओघळ हवा. कामगाराने खडूने उलटा आकडा लिहिला होता, तर उलटाच हवा. चुका सुधारणाऱ्याला आमच्यात अडाणी समजतात.

हॉलिस जुलैत पहिल्यांदा आला. त्याने नोर्माचा फोटो घरी नेऊन संगणकावर मोठा केला होता. कागद उलगडताना त्याचा चेहरा उजळला होता.

"व्हर्जिल, हे बघ. तीन टाके, फक्त बाहेरून. मी वीस वर्षं हाच प्रश्न विचारतोय, कारखान्यातून हे ब्रॅकेट कसं यायचं? जेवढ्या गाड्या उरल्या त्या सगळ्यांच्या मालकांनी ते नंतर नव्याने केलंय. हा पहिला पुरावा. टाके मारून सोडलं, पुढचं रेसवाले बघतील म्हणून. कारखान्याची घाई, दुसरं काय."

"तसं नसेल," मी म्हणालो.

"मग कसं होतं?"

हॉलिस आणि डार्ला दोघे माझ्याकडे पाहत होते. डार्लाच्या हातात कॉफी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की कारखान्याचं वेल्डिंग चारी बाजूंनी भरलेलं होतं. पण त्यापुढचा प्रश्न मला समोर दिसत होता. मग फोटोत हे काय आहे? आणि फोटोत गाडीखाली पाय कुणाचे आहेत ते मागे लिहिलेलं होतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"बघ," हॉलिस डार्लाला म्हणाला, "म्हणून माणसांवर विश्वास ठेवू नये. फोटोवर ठेवावा."

तिथून पुढचे दोन महिने मला जेवण गेलं नाही. गाडीखाली शिरायचं मी टाळत होतो. उगाच हेडलाइटशी, पट्ट्यांशी वेळ काढत बसायचो. डार्ला बस सोडून रोज चार वाजता यायची, बाही सरसावून पत्रा घासायची आणि बापाच्या गोष्टी विचारायची. बाबा शिट्टी कशी वाजवायचे? बाबांना हरल्यावर राग यायचा का? मी सांगत राहायचो. तिला सात वर्षांची सोडून तो गेला होता, आणि जे काही तिला ठाऊक होतं ते माझ्याच तोंडून. असल्या माणसाने तोंड उघडलं तर तिच्याकडे काय उरलं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मला तिची भीती वाटत होती. रविवारी तिच्या टेबलावर माझ्यासाठी ताट नसेल याची भीती.

शेवटी मी एक युक्ती केली. बाहेरून तीन टाके, फोटोतल्यासारखे. आणि आतल्या बाजूने, जिथे डोळा पोचत नाही, तिथे दाबून पूर्ण शिवण भरली आणि वर काळा रंग मारला. त्या दिवशी मला झोप लागली.

ऑगस्टच्या शेवटी हॉलिस दुसऱ्यांदा आला आणि त्याने तो दातांचा आरसा आत घातला. मी बाकावर बसून त्याच्या बुटांकडे पाहत होतो. बूट बराच वेळ हलले नाहीत.

"आतून भरलंय," तो खालून म्हणाला. "व्हर्जिल, लेका, मला फसवतोस?"

"सुरक्षेसाठी केलंय," मी म्हणालो.

"मग गाडीपुढच्या पाटीवर तुझं नाव लिही, वेंडलचं लिहू नको. ही सही मी देणार नाही."

डार्ला चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "काका, काढा ना ते. बाबांची जशी होती तशी एकदाच मला हवी आहे. मी कुठे जोरात पळवणार आहे? बससारखी नेईन, लोकांना हात हलवत."

"शपथ?"

"शपथ."

मी ग्राइंडर उचलला. भर दुपारी, तिच्या डोळ्यांसमोर, मी ते चांगलं वेल्डिंग घासून काढलं. ठिणग्या बुटांवर पडत होत्या. ती हळू जाणार आहे, ती हळू जाणार आहे, एवढंच मी मनात म्हणत होतो. हॉलिसने सही केली आणि मला खांद्यावर थोपटलं.

मेळ्याच्या शनिवारी ऊन लख्ख होतं. मक्याची कणसं भाजल्याचा वास, रबर जळल्याचा वास, म्हातारे घडीच्या खुर्च्यांवर. गाडी उतरवली तेव्हा लोक येऊन दारावर हात फिरवून गेले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. डार्लाने बापाचं जुनं जाकीट घातलं होतं, खांद्यावर तिला सैल होत होतं. तिने बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर आकडा लिहिला. वेंडलचा शेवटच्या दिवशी सकाळचा वेळ: दहा सेकंद आणि वर नव्वद शतांश.

"हे कशाला?" मी विचारलं.

ती हसली. "बघायला."

रांगेत तिच्यापुढे चार गाड्या होत्या. मग दोन. मी गाडीबरोबर चालत होतो, एक हात छपरावर. तिने हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. हात हलवत जाणारं माणूस पट्टे इतके आवळत नाही. मग तिने टायर तापवायला ते पाण्यात घालून जागेवरच फिरवले, पांढरा धूर उठला, आणि गाडी रेषेवर आली.

मी खिडकीशी वाकलो. "डार्ला, शपथ घेतली होतीस."

"एकदाच सोडते, काका," ती हेल्मेटमधून ओरडली. "बाबांचा आकडा मला अंगावर घ्यायचाय. एकदाच. मग आयुष्यभर बस चालवते." आणि माझ्याकडे मान वळवून तिने विचारलं, "झालं का?"

तेच शब्द. खिडकीचा तोच पट्टा. त्याच ठिकाणी मी उभा होतो, फक्त माझे केस गेले होते. सुरुवात देणारा माणूस मला हात करत होता, आटपा. मी हात वर केला. छपराचा पत्रा उन्हाने तापला होता. माझा हात तिथे टेकला आणि मला तो उचलता येईना. दोन थापा मारायला काय लागतं?

"नाही," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. मी खिडकीतून हात घातला, तिच्या छातीवरून पुढे नेला आणि चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. एवढ्या माणसांच्या मेळ्यात अचानक मला मक्याचे दाणे फुटताना ऐकू आले.

"झालेलं नाही," मी म्हणालो. "तेव्हाही झालं नव्हतं."

गाडी आम्ही ढकलत मागे आणली. ती खिडकीतून हात घालून चाक वळवत होती, मी मागून ढकलत होतो. इतकी हलकी गाडी, तरी मला दम लागला. आमच्या जागेवर आल्यावर ती एका सुट्या टायरवर बसली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मशीन, भोंगा, तीन टाके, झालं. हॉलिस मध्येच येऊन पोचला होता, हातात कागद घेऊन, आणि ऐकत उभा राहिला.

"टायर फुटला नव्हता?" तिने विचारलं.

"फुटला. दांडी रुतल्यावर."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

"दर रविवारी जेवायला यायचात."

"हो."

"तिने तुम्हाला बाबांची हत्यारं दिली. रडत दिली. मी दारात उभी होते."

"हो."

"आणि मी सांगितल्यावर तुम्ही ते घासून काढलंत." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी त्यात बसणार हे माहीत असून."

यालाही हो म्हणायचं होतं. मान हलली फक्त. एक्केचाळीस वर्षं मला वाटायचं की सर्वांत वाईट प्रश्न बापाबद्दलचा असेल. तो नव्हता. मेलेल्याच्या वेळी मी चुकलो होतो, जिवंत पोरीच्या वेळी मी नुसता घाबरलो होतो, आणि घाबरून तिला त्याच दांडीवर बसवलं होतं.

हॉलिस खाली बसला, मातीतच. "मला ते तीन टाके पाहून आनंद झाला होता," तो म्हणाला. "आनंद झाला होता मला, डार्ला. मी त्यावर लेख लिहायला घेतला होता."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हेल्मेट खाली ठेवलं. मग उठून शेजारच्या तंबूकडे गेली, आणि वेल्डिंगचं मशीन चाकांवर ओढत घेऊन आली.

"करा," ती म्हणाली. "कुणी पुकारणार नाही. हवा तेवढा वेळ घ्या."

मी गाडीखाली शिरलो. तिचे बूट माझ्या डोक्याशी होते, आणि ते हलले नाहीत. पहिली शिवण वेडीवाकडी आली. ती घासून काढून मी पुन्हा भरली. बाहेरून, आतून, वरून, खालून. मग उजव्या बाजूचं ब्रॅकेटही तपासलं, ते ठीक होतं, तरी त्यावरही एक फेरा घातला. किती वेळ गेला ठाऊक नाही.

"झालं का?" वरून विचारलं.

मी त्या शब्दाला हात लावला नाही. "खाली ये आणि बघ," मी म्हणालो.

ती पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि आत सरकली. आम्ही दोघे शेजारी शेजारी पाठीवर पडून त्या लोखंडाकडे पाहत होतो. तिने हॉलिसकडून आरसा मागून घेतला आणि इंच इंच पाहिलं. निवल्यावर सगळीकडून बोट फिरवलं. मग ती बाहेर सरकली. हॉलिसने आपल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि खाली लिहिलं. नंतर मी ते वाचलं: 'फोटोत काम अर्धवट आहे. गाडीत पुरं केलं आहे. नाव ठेवावं.' आणि सही.

रविवारी दुपारी तिचा नंबर आला. तिने मला बोलावलं नव्हतं. पण रेषेवर कुणीतरी लागतं, आणि दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो. खाली वाकून पाहिलं. शिवण जागच्या जागी होती. उठलो, छपराजवळ आलो आणि हात वर केला. वेल्डिंग पक्कं आहे हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी हात तसाच हवेत राहिला.

डार्लाने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने तर नाहीच. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे ती बसमधून पाहते तसं. मग तिने स्वतःचा डावा हात खिडकीबाहेर काढला, वर नेला आणि छपरावर दोन थापा मारल्या.

दिवा हिरवा झाला. गाडीचं नाक उचललं गेलं आणि मी डोळे मिटले. बघायची माझी छाती नव्हती. मी मोजत होतो. पाच. सहा. सात. आठ म्हणताना माझी नखं तळव्यात रुतली. नऊ. आवाज तसाच सलग होता, लांब जात होता. दहा. अकरा. मग कुणीतरी पाय उचलल्यावर होतो तसा तो उतरत गेला, आणि भोंग्यावरून आकडा वाचला गेला: दहा सेकंद आणि वर शहाऐंशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो.

परतीचा रस्ता कुंपणाला लागून आहे. ती त्यावरून हळू येत होती, खिडकी उघडी, हेल्मेट काढलेलं, केस घामाने चिकटलेले. मी कुंपणाला धरून उठलो. तिने मला पाहिलं होतं. गाडी न थांबता माझ्या पुढून गेली, आणि दारावरची माझ्याच हातची लाल अक्षरं, 'नोर्माला सांगू नका', मी अगदी शेवटपर्यंत वाचली.